वर पाणी चढत नाही



पाण्यावर आपण पुष्कळ बोलतो. चवदार तळ्यावर तर आपल्यातला कुणीही कार्यकर्ता कागद न बघता तासभर बोलेल. नळावर मात्र आपण बोलत नाही. नळ किती इंची, पाणी किती वाजता, दाब किती, चावी कुणाच्या हातात, हे आपल्याला इतिहास वाटतच नाही. ते नगरसेवकाच्या दारात बसणाऱ्यांचं काम, असं आपण धरून चाललोय. मला वाटतं, महाडच्या लढ्याचा पुढचा भाग या नळातच आहे. नळ जमिनीत पुरलेला असतो म्हणून तो आपल्या नजरेतून सुटलाय.

डोंगरावरच्या कुठल्याही वस्तीतल्या बाईला विचारा, पाणीखात्याचा साहेब काय म्हणाला? ती सांगेल, "साहेब म्हणला, वर पाणी चढत न्हाई." वाक्य साधं आहे. ऐकणारा गप्प बसतो, कारण पाणी उताराकडं धावतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जातीचं कारण सांगितलं असतं तर आपण भांडलो असतो. निसर्गाचं कारण सांगितल्यावर भांडायचं कुणाशी? चाळीस वर्षांपूर्वी मीही हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून त्याचा पिच्छा पुरवतोय. त्या वाक्याचा हा इतिहास.

गावात आपण कुठं राहत होतो? उताराला. गावचं सांडपाणी जिकडं वाहतं त्या अंगाला महारवाडा, मांगवाडा. नदीवर, ओढ्यावर वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, त्याच्या खाली बाकीच्यांचा. सगळ्यांनी भरून, धुऊन, गुरं पाजून झाल्यावर जे खाली येईल ते आपलं. विहिरीवर तर कठड्यापासून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं घ्यायचं. म्हणजे गुरुत्वाकर्षण पूर्ण आपल्या बाजूनं होतं! पाणी आपल्याकडंच उतरत होतं, तरी मिळत नव्हतं. आता शहरात येऊन डोंगरावर चढलो तर सांगतात, तुम्ही उंचावर म्हणून पाणी नाही. खाली होतो तेव्हा नाही, वर आलो तेव्हाही नाही. मग उंचीचा संबंध उरला कुठं?

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो एका माणसाचा हौद होता. सार्वजनिक पाण्याची गोष्ट निघाली ती १९२३ साली. रावबहादूर सी. के. बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला, की सरकारी आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तसा आपला ठराव केला. कागद तयार झाला. पाणी? १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेला जमलेल्या आपल्या माणसांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं गावातच, भरलेलं, ठरावानं खुलं केलेलं, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले ते या पार्श्वभूमीवर. पुढं शुद्धीकरणाचा तमाशा, मारहाण, दावे, आणि १९३७ साली हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला फक्त ते चाळीस रुपये लक्षात ठेवायला सांगायचेत. हक्क असणं आणि भांड्यात पाणी पडणं या दोन गोष्टींमधलं अंतर त्या वर्षी चाळीस रुपये होतं. टँकरवाला आज घेतो ते पैसे त्याच खात्यात जमा होतात.

नळ आला तेव्हा आपल्यातल्या शहाण्यांनाही आनंद झाला होता. नळाला शिवाशीव नाही. तोटी फिरवणाऱ्याची जात नळ विचारत नाही. हे खरंच आहे. पण तळ्यावर भांडण होतं ते माणसानं पाण्यापर्यंत जाण्याचं, आणि नळात प्रश्न उलटा होतो. पाणी माणसापर्यंत येतं का? ते यायचं तर कुणीतरी धरण बांधावं लागतं, नळ टाकावा लागतो, व्हॉल्व्ह उघडावा लागतो. कुणासाठी उघडायचा हे ठरवणारा माणूस तुमच्यासमोर येतच नाही. त्यामुळं तुम्हाला अडवणाराही दिसत नाही.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण या देशातल्या मोठ्या शहरांत नळाचं पाणी तिथं लवकर आलं. विहार तलाव १८६० साली तयार झाला. शहराला नळाचं पाणी मिळालं, पण मलबार हिलसारख्या उंच भागात विहारचं पाणी नीट पोचेना. दाब पुरेना. म्हणजे साहेबलोकांच्या टेकडीवरही पाणी चढत नव्हतं बरं का! मग काय केलं? "तुम्ही उंचावर राहता, आम्ही काय करणार" असं कुणी गव्हर्नराला सांगितलं नाही. विहारच्याही वर, उंचावर तुळशी तलाव बांधला, तो १८७९ साली पुरा झाला. त्याचं पाणी उंचावरचं, म्हणून ते मलबार हिलकडं नेलं आणि टेकडीच्या माथ्यावर मोठा झाकलेला जलाशय बांधला. त्या जलाशयाच्या छतावर बाग केली. तिलाच लोक हँगिंग गार्डन म्हणतात. आपली पोरं सहलीला जाऊन म्हातारीच्या बुटात फोटो काढतात ती जागा तिथून रस्त्यापलीकडं. पायाखाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. माझगावच्या भंडारवाड्याची टेकडी तशीच, तिच्याही पोटात जलाशय आहे. मुंबईचे बहुतेक सेवा-जलाशय टेकड्यांवरच आहेत. त्यात नवल नाही. पाणी आधी उंचावर नेऊन ठेवलं की मग ते आपल्या वजनानं खाली घरोघर जातं. हीच तर सगळी विद्या आहे. उंची ही अडचण नसून पाणीखात्याचं भांडवल आहे.

आणि उगमाशी राहणाऱ्यांचं काय? १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर, पुढं अप्पर वैतरणा, भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. ही धरणं शहापूर-मोखाड्याच्या बाजूला. त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण डोळ्यांसमोर आणि बाई हंडा घेऊन टँकरच्या मागं. ती माणसं ना वर ना खाली, पाण्याच्या काठावर आहेत. तिथं साहेबाचं वाक्य कसं बसवणार?

आता एक जुनी गोष्ट, आणि ही आपल्या घरची आहे. विहार आणि तुळशी ज्या जंगलात आहेत त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. आपण तिथं बुद्धमूर्तीपुढं हात जोडतो, चैत्यगृह बघतो आणि डबा खाऊन परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा लेण्याच्या बाहेर, उंबऱ्याच्या बाजूला बघा. बहुतेक लेण्यांना आपापलं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. कातळाच्या उतारावर बोटभर, वीतभर चर खोदलेत, पावसाचं पाणी त्यातून टाक्यात उतरतं. दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढं कित्येक शतकं त्या डोंगरावर भिक्खूसंघ राहिला. वस्तीच होती ती, डोंगरावरची. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, उपासक, भिक्खुणी. लेण्यासोबत त्यांनी पाण्याची पोढीही दिल्याचं त्यात लिहिलंय. पोढी म्हणजे टाकं. विहार दिला आणि पाणी दिलं नाही तर दान पुरं होत नाही, एवढी समज त्या काळच्या माणसांना होती. आमच्या काळच्या सरकारांनी झोपडीला फोटोपास दिला, मताचं कार्ड दिलं, पाणी द्यायचं विसरली.

विसरली म्हणणं बरोबर नाही. मोजून कमी दिलं. झोपडपट्टी सुधारणेचा कायदा १९७१ चा. मुंबईत झोपड्यांची पहिली मोठी गणना १९७६ साली झाली आणि मोजल्या गेलेल्यांना पास मिळाले. तिथून तारखांचं राजकारण सुरू झालं. अमुक तारखेच्या आधी आलात तर माणूस, नंतर आलात तर अतिक्रमण. ती तारीख सरकत सरकत १ जानेवारी १९९५ झाली, मग २००० झाली. पाणी पासाला बांधलेलं. आणि पास असला तरी माप वेगळं: मुंबईत इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरायचं, झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. कुठल्या डॉक्टरानं सांगितलं की झोपडीतल्या माणसाची तहान एक तृतीयांश असते? केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत एकमजली घरासाठीसुद्धा नळजोडणीच्या जागी किमान सात मीटर दाब असावा असं लिहिलंय. हा सात मीटरचा आकडा लक्षात ठेवा. साहेबापुढं कामाला येतो.

एवढं सांगून आता मी आमच्या वस्तीकडं येतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची वस्ती डोळ्यांपुढं आणा, फार फरक पडणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माणसं आली. सपाट जागा भरलेल्या होत्या. दगडाच्या खाणीनं अर्धा खाल्लेला डोंगर उरला होता. आमची बौद्धांची घरं आधी आली, ती रस्त्यालगत बसली. मागून मातंग आले, त्यांना वरची जागा मिळाली. त्याच्या वर खाणीत काम करणारे वडार. अशा चार आळ्या झाल्या, एकशेचाळीस घरं, सातशेच्या आसपास माणसं. बघा, कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी डोंगरावर गावाचीच उतरंड मांडली गेली. फक्त उलटी.

रस्त्याखालून नळ जात होता. ज्यानं त्यानं आपापलं अर्ध्या इंचाचं कनेक्शन घेतलं आणि गटाराच्या कडेनं लोखंडी पाइप वर नेला. तिसऱ्या आळीपर्यंत पोचेस्तोवर गटारात पाइपांच्या जटा झाल्या होत्या. पाणी पहाटे चार ते साडेसहा. पहिल्या आळीत धो धो, दुसऱ्या आळीत करंगळीएवढी धार, तिसऱ्या आळीत नळ नुसता फुसफुसायचा. चौथ्या आळीनं पाइप विकून टाकले. मग खालच्यांनी मोटारी बसवल्या. थेट लाइनला मोटार. १९८६ पर्यंत तेवीस मोटारी झाल्या.

त्या वर्षी पावसाळ्यात वस्तीत कावीळ आली. तिचं कारण पुढं सांगतो. त्याआधी दोन गोष्टी, ज्या आम्हाला कुणी शिकवल्या नाहीत आणि ज्या शिकायला फार शाळा लागत नाही.

पहिली. दाब म्हणजे पाण्याचा उभा खांब. दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतो. उलट बाजूनं, तळाशी एक किलो दाब असेल तर पाणी दहा मीटर चढेल आणि थांबेल. दाब मोजायचं गेज कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडं मिळतं. आम्ही वर्गणी काढून एक आणलं आणि रस्त्याजवळच्या तोटीला लावलं. पहाटे साडेचारला बाराशे ग्रॅम, म्हणजे बारा मीटर. आता डोंगर किती उंच? हे आमच्या गवंड्यानं काढलं. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी असते ना, तिनं दीड-दीड मीटरचे टप्पे घेत तो वर गेला. पोरं मागनं खडूनं खुणा करत गेली. चौथ्या आळीच्या वरच्या कातळापर्यंत एकवीस टप्पे भरले. साडेएकतीस मीटर. बारा मीटर दाबाचं पाणी साडेएकतीस मीटर चढणार नाही, साहेब खोटं बोलत नव्हता. पण बारा मीटरला तर दुसरी आळी पुरी आणि तिसरीची सुरुवात येत होती. तिथंही पाणी नव्हतं. मग ते कुठं जात होतं?

दुसरी गोष्ट घर्षण. नळातून पाणी जाताना त्याच्या अंगाला घासतं आणि दाब खर्च होतो. नळ निम्म्या व्यासाचा केला तर तेवढंच पाणी न्यायला दुप्पट नव्हे, जवळजवळ तीस पट घर्षण होतं. आत गंज चढला तर आणखी. आमचे शंभरावर बारीक पाइप, प्रत्येक गंजलेला, प्रत्येकाला दहा-वीस कोपर. दाब गटारातच मरत होता.

आणि तिसरी गोष्ट मोटारी, तिला पुस्तक लागत नाही. साडेचारला गेजचा काटा बारावर. पावणेपाचला खालच्या आळीत मोटारी सुरू झाल्या की काटा घसरत शून्यावर. नळात पाणी ढकललं जायच्या ऐवजी ओढलं जाऊ लागलं. ओढताना गळक्या जोडांतून गटार आत यायचं. कावीळ तिथून आली.

ह्या गेजचा काटा बघायला आम्ही चारी आळ्यांतली माणसं बोलावली होती. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस. काटा शून्यावर आला तेव्हा तिसऱ्या आळीतली एक मातंग म्हातारी, तिला सगळे मावशी म्हणायचे, माझ्याकडं बघून म्हणाली, "गावात तुमच्या हिरीवर आमाला येऊ दिलं न्हाई. हितं तुमची मोटार आमच्या नळातलं पाणी वडती. मंग बाबासायबाचा फोटू कशाला लावलाय हापिसात?"

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काय होतं? गावात महारांच्या पाणवठ्यावर मांगांना मज्जाव होता हे खरंच आहे. बाबासाहेबांनी ही पायरीपायरीची विषमता सांगितली ती काय फक्त बामणाला शिव्या द्यायला सांगितली? वरच्याच्या लाथा खाताना खालच्याला लाथ मारायची सोय या व्यवस्थेनं प्रत्येकाला करून ठेवली आहे. आमच्या डोंगरावर त्या सोयीचं नाव होतं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार.

पुढं दीड वर्ष भांडण चाललं. साहेबाशी कमी, आपसात जास्त. उपाय काय ते सगळ्यांना कळलं होतं. समोरच्या टेकडीवर आमच्याहून उंच जागी एक सोसायटी होती, तिथं चोवीस तास पाणी. आमचा एकजण तिथं वॉचमन. त्यानं सांगितलं, खाली हौद, वर टाकी, मधे पंप, एवढंच आहे. इमारतीतही पाणी आपणहून चढत नाही राव! तिसऱ्या मजल्यावर बाई तोटी फिरवते ते गच्चीवरच्या टाकीतून उतरलेलं पाणी असतं. सगळीकडं पाणी कुणीतरी चढवतं. फक्त आमच्याकडंच ते आपणहून चढावं अशी अपेक्षा होती.

तर उपाय ठरला: रस्त्याजवळ पंधरा हजार लिटरचा हौद, त्याला दोन इंची जोडणी, पाच हॉर्सपॉवरचा पंप, तिथून वर तीन इंची एकच नळ, माथ्यावर टाकी, आणि टाकीपासून खाली प्रत्येक आळीला वेगळी लाइन, वेगळा व्हॉल्व्ह. हौदाचा गुण असा, की तो जमिनीत असतो, त्याला दाब लागतच नाही. मुख्य नळात नुसतं पाणी असलं की तो भरतो. हिशोब मांडला. सातशे माणसं, सरकारच्याच मापानं पंचेचाळीस लिटर, म्हणजे साडेएकतीस हजार लिटर. पंप तासाला बारा हजार चढवेल. अडीच-पावणेतीन तासांचं काम, विजेचे आठ-नऊ युनिट. (१३५ च्या मापानं साडेचौऱ्याण्णव हजार लागले असते. तो अर्ज आम्ही वेगळा लिहिला, त्याचं उत्तर आलेलं नाही.)

अट एकच होती. खालच्या आळीनं आपली कनेक्शनं बंद करायची आणि मोटारी काढायच्या. सगळं पाणी आधी हौदात. म्हणजे ज्यांना पाणी मिळत होतं त्यांनी ते सोडून देऊन रांगेत यायचं. बैठकीत आमच्या आळीतला एक जुना कार्यकर्ता उठला. मोर्च्यात पोलिसांचा मार खाल्लेला माणूस, त्याचा अनादर करायचा नाही. तो म्हणाला, "आम्ही आधी आलोय. नळ आम्ही आणलाय."

आम्ही आधी आलोय. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढं कट-ऑफच्या तारखा आल्या तेव्हा ते मला पुन्हा ऐकू आलं. सरकारचं "तुम्ही नंतर आलात" आणि आमच्या आळीचं "आम्ही आधी आलोय" ही एकाच आईची लेकरं.

तिढा सुटला तो आमच्या भाषणांनी नाही. खालच्या आळीतल्या बायांनी सोडवला. त्यांची पोरं काविळीनं पिवळी पडली होती, दोन घरांत तर मयत झाली होती. एक बाई उठून आपल्या नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "मोटार काढ. माझ्या लेकराला गटाराचं पाणी पाजायला मी शहरात आले नाही." आठवडाभरात एकोणीस मोटारी निघाल्या. उरलेल्या चार चार महिन्यांनी.

वरची टाकी वडारांनी बांधली. दगड त्यांनीच फोडला. ती कुठं बांधायची यावर कंत्राटदाराचा माणूस मातीचा भराव दाखवत होता, कारण तिथं गाडी जात होती. म्हातारा वडार गवंडी हटून बसला, कातळावरच बांधायची. पंधरा हजार लिटर पाणी म्हणजे पंधरा टन वजन, भराव पावसात सुटला तर खालची तिसरी आळी गेली. त्याला टनाचा हिशोब येत नव्हता, पण डोंगर कळत होता. या माणसाची आठवण मला २०१९ च्या जुलैत आली. मालाड पूर्वेला, कान्हेरीच्याच जंगलाच्या कडेला, टेकडीवरच्या जलाशयाच्या आवाराची संरक्षक भिंत रात्रीच्या पावसात कोसळली. खाली आंबेडकर नगर आणि पिंपरीपाडा. तीसच्या आसपास माणसं मेली. जलाशय शहराचा, भिंत जलाशयाची, उतारावरची माणसं आपली.

पाणी सुरू झालं ते १९८८ च्या उन्हाळ्यात. सुरू झाल्यावर नवीन गंमत झाली. आता पाणी वरून येत होतं, त्यामुळं सगळ्यात जास्त दाब परत खालच्याच आळीला! टाकी वरच्या आळीपासून चारच मीटर उंच, तिथं दाब चारशे ग्रॅम. खाली तीन किलो, तोट्या उडत होत्या. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर खालची आळी टाकी रिकामी करून टाकायची. म्हणजे बघा, यंत्र उलटं केलं तरी उतरंड परत उभी राहत होती. तेव्हा नियम केला: ज्याला दाब कमी त्याचा व्हॉल्व्ह आधी. चौथी आळी पहिली, चाळीस मिनिटं, मग तिसरी, मग दुसरी, रस्त्याची आळी शेवटी. तिथला व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा. चावी पहिली दोन वर्षं त्या मातंग मावशीकडं होती. तिला घड्याळ बघता येत नव्हतं, नातीला शेजारी बसवून ती चाळीस मिनिटं मोजायची आणि कुणाचं ऐकायची नाही. माझंसुद्धा नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. पंप जळाला, वर्गणी थकली, एकदा एका पुढाऱ्यानं हौदावर आपल्या नावाची पाटी ठोकली आणि पाणीपट्टी भरायला मात्र आला नाही. दहा-बारा वर्षांत तीन इंची नळ गंजला, तो बदलायला पुन्हा तीच भांडणं.

कायद्याची बाजूही थोडी सरकली आहे, ती कार्यकर्त्यांना माहीत हवी. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं, की पाणी हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मात्र अशा माणसाला कायदेशीर घरातल्याइतकंच पाणी त्याच दरात मागता येणार नाही, हेही त्यात आहे. म्हणजे हक्क मान्य, माप बाकी. २०२२ साली मुंबई महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. अर्ज करताना हे दोन्ही लावा. आणि अर्जासोबत गेजचे आकडे जोडा, रोजची वेळ आणि दाब, निदान महिनाभराचे. "पाणी येत नाही" असं लिहिलं तर साहेब "चढत नाही" म्हणतो. "पहाटे साडेचारला बाराशे ग्रॅम, पावणेपाचला शून्य" असं लिहिलं की त्याला रजिस्टर उघडावं लागतं.

आमच्याकडं सध्या नवा प्रश्न आहे. टाकीच्याही वर, खाणीच्या काठावर, गेल्या दोन वर्षांत अकरा झोपड्या पडल्यात. बांधकामावरची माणसं आहेत, काही आपल्या राज्यातली, काही बाहेरची. त्यांची जात आम्ही विचारलेली नाही, पण वस्तीत ती सगळ्यांना माहीत आहे. टाकी त्यांच्या खाली असल्यामुळं टाकीतलं पाणी त्यांच्याकडं जात नाही. त्यांच्या बाया आमच्या चौथ्या आळीत हंडे घेऊन येतात. मागच्या महिन्यात त्या आळीतल्या एका पोरानं, ज्याच्या आजोबानं ती टाकी कातळावर बांधली, त्यांना सांगितलं की वर पाणी चढत नाही.

टाकीपासून त्या झोपड्या सात मीटर उंच भरतात. अर्धा हॉर्सपॉवरचा पंप आणि दोन हजार लिटरची एक टाकी पुरेल. खर्चाचा कागद तयार आहे. येत्या रविवारी संध्याकाळी बैठक आहे, चारी आळ्यांची, आणि या वेळी त्या अकरा घरांनाही बोलावलंय. गेज मी घेऊन येणार आहे.